चारशे मेलबॉक्सचा सर्व्हर: खर्च प्रोसेसरवर करावा की डिस्कवर?

आमच्या शिक्षण संस्थेच्या ठाणे, कळवा आणि ऐरोली येथील शाखा मिळून सुमारे ४०० मेलबॉक्स आहेत. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारे सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेल पेट्यांत साठवून वापरणाऱ्यांना दाखवणारे सॉफ्टवेअर) यांवर चालणारा सध्याचा सर्व्हर जुना झाल्याने बदलायचा आहे. सॉफ्टवेअर तेच राहील आणि मेल संस्थेच्याच जागेत ठेवायची हे ठरलेले आहे, त्यामुळे क्लाउडचा पर्याय कृपया सुचवू नये.

पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये दोन प्रोसेसर मिळून ३२ कोअर, १२८ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमच्या, प्रत्येकी ४ टीबीच्या चार फिरत्या डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत), असा प्रस्ताव आहे. जागेची अडचण नाही. आज साठलेली मेल २ टीबीच्या आसपास आहे. शंका वेगाची आहे. अशी एक डिस्क सेकंदाला साधारण ७५ ते १०० विखुरलेली वाचने किंवा लेखने करते आणि रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी डिस्कवर चार क्रिया होतात. म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या कॅशेने (तात्पुरत्या मेमरीने) थोडाफार भार उचलला, तरी चार डिस्क मिळून लेखनाचा टिकाऊ वेग जेमतेम एका डिस्कइतकाच राहतो.

मुख्य कार्यालयातून ८ एमबीचे परिपत्रक सर्वांना जाते तेव्हा नेमके हेच नडते. जोडलेली फाइल मेलमधून पाठवताना मजकुरात बदलणाऱ्या बेस६४ पद्धतीमुळे ते सुमारे ११ एमबीचे होते, आमच्या मेलडिर रचनेत (प्रत्येक मेलची वेगळी फाइल) प्रत्येकाच्या पेटीत स्वतंत्र प्रत पडते, आणि एका परिपत्रकापायी ४.४ जीबी लिहावे लागतात. त्या वेळी आयओस्टॅट या डिस्कचा भार दाखवणाऱ्या साधनात डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते, मेलची रांग वाढत जाते आणि प्रोसेसर नुसता ताटकळत असतो. (फाइलऐवजी लिंक पाठवा, असे सुचवून झाले, सहीशिक्क्याचे परिपत्रक जोडलेलेच हवे, असा वरिष्ठांचा आग्रह आहे.)

म्हणून १२ कोअरचा एकच प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी) रॅम आणि १.९२ टीबीच्या चार एंटरप्राइज एसएसडी रेड १० मध्ये (डेटाची जुळी प्रत ठेवणाऱ्या जोडणीत) घ्याव्यात, असे माझे मत आहे. पावसाळ्यात वीज गेली आणि यूपीएसनेही हात टेकले, तर कॅशेमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्याच एसएसडी मला हव्यात. क्लॅमएव्ही या व्हायरस तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला एक जीबीहून अधिक रॅम लागते आणि व्हायरस ओळखण्याच्या स्वाक्षऱ्या बदलताना ती काही काळ जवळपास दुप्पट होते. तरीही फोन आणि संगणकांच्या आयमॅप (सर्व्हरवरची मेल वाचण्याच्या) जोडण्या धरून ६४ जीबी पुरेशी वाटते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठेवायचे १८० दिवसांचे लॉग वेगळ्या डिस्कवर जातील.

रेड १० नंतर हाती राहणारे ३.८ टीबी मात्र दोन-तीन वर्षांतच अपुरे पडतील, अशी धास्ती आहे. दोन वर्षांहून जुनी मेल साध्या डिस्कवर हलवायची, तर डव्हकॉटमध्ये मेलडिर सोडून एसडीबॉक्स किंवा एमडीबॉक्स या त्याच्याच साठवण-रचनांकडे जावे लागेल. एवढ्या आकाराचे स्थलांतर कोणी चालू सर्व्हरवर केले आहे का, आणि नंतर जुन्या मेलमध्ये शोध घेताना वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या का? की त्यापेक्षा सुरुवातीलाच ३.८४ टीबीच्या एसएसडी घेणे शहाणपणाचे ठरेल?