परलोक, लोककथा, प्राचीन जादू: अनुवादक कोण हे पाहिल्याशिवाय अशी पुस्तकं वाचावीत का?

तळटीप:
मृत्यूनंतरचं जग, मंत्रतंत्र, भुताखेतांच्या कथा हा माझा अनेक वर्षांचा आवडीचा विषय. माझं मत असं की 'प्राचीन रहस्य' म्हणून आपल्या हाती येणाऱ्या पुस्तकांत अर्वाचीन भर फार असते. अनुवादक आणि संपादक कोण, हे न पाहता ती वाचू नयेत.

इजिप्तचं 'मृतांचं पुस्तक', म्हणजे मृतासोबत थडग्यात ठेवायचे मंत्र, घ्या. हे नाव लेप्सियस या जर्मन अभ्यासकाने १८४२ मध्ये दिलं. इजिप्शियन लोक त्या मंत्रांना 'दिवसा बाहेर येण्याचे' मंत्र म्हणत. त्यांची नजर थडग्याकडे नव्हती, उजेडाकडे होती. शिवाय ते एक ठरलेलं पुस्तकही नव्हे. ज्याच्या त्याच्या गुंडाळीत मंत्रांची निवड वेगळी. आनी नावाच्या लेखनिकाच्या प्रसिद्ध पपायरसात तर मजकूर आधीच लिहून ठेवलेला आणि आनीचं नाव मागाहून भरलेलं दिसतं.

गेलेल्या माणसाला वाचून दाखवायच्या तिबेटी 'बार्दो थोडोल' या ग्रंथाचंही तेच. १९२७ च्या इंग्रजी आवृत्तीवर नाव झळकलं ते इव्हान्स-वेंट्झ या अमेरिकी अभ्यासकाचं, आणि त्यांना तिबेटी येत नव्हतं. भाषांतर काझी दावा सामदुप यांचं होतं, ते १९२२ मध्येच वारले होते. प्रस्तावना आणि टिपांवर थिऑसॉफी या पाश्चात्त्य गूढवादी पंथाची गडद छाया आहे. ते वाचून 'तिबेटी लोक असं मानतात' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रातवा:
अजिबात पटलं नाही. लोककथेला मूळ प्रत असते कुठे? सांगणारा बदलला की कथा बदलते, आणि म्हणूनच ती टिकते. ग्रिम बंधूंनीच १८१२ ते १८५७ या काळात आपला संग्रह सात वेळा काढला आणि दर खेपेला कथांवर हात फिरवला. मग खरी आवृत्ती कुठली? तुमची कसोटी लावली तर आजीच्या तोंडून ऐकलेली हडळसुद्धा बाद होईल. रात्री दिवा मालवून वाचताना अंगावर काटा येतो, तोही या पुस्तकांचा अर्थच आहे. तळटिपा वाचत बसलं की काटा जातो.

तळटीप:
रातवा, बदल झाला याची तक्रारच नाही. बदल दडवला जातो, ही तक्रार आहे. १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. पुढच्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. हे कळल्यावर माझ्या अंगावर जास्त काटा आला.

अनघड:
मला दोघांचंही म्हणणं अपुरं वाटतं. नाव पाहून वाचा म्हणता, पण नावाने काय साधतं? मार्गारेट मरे या इजिप्तविद्येच्या नावाजलेल्या अभ्यासक. त्यांनी १९२१ मध्ये लिहिलं की युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारलं, त्या एका छुप्या प्राचीन धर्माच्या अनुयायी होत्या. इतिहासकारांनी ते खोडून काढलं, तरी ब्रिटानिका विश्वकोशातली चेटूकविद्येची नोंद त्यांच्याकडूनच लिहून घेतली गेली आणि ती कित्येक वर्षं तशीच राहिली. छळामुळे दिलेल्या जबाबांना त्यांनी धर्माचा पुरावा मानलं. त्या बायका निरपराध होत्या, एवढी साधी गोष्ट मागे पडली. या विषयाचं आकर्षणच असं आहे की शहाणी माणसंही वाहवत जातात. म्हणून मी अशी पुस्तकं संशय बाळगूनच वाचतो, मग लेखक कोणीही असो.

ओलीवाट:
मी अभ्यासक नाही. बाबा गेले त्यानंतरच्या आठवड्यात मी 'बार्दो थोडोल' वाचलं. तीच १९२७ ची आवृत्ती, जिला वर नावं ठेवली आहेत. त्यात गेलेल्या माणसाला जवळ बसून सांगतात की भिऊ नकोस, दिसतंय ते तुझ्याच मनातून उमटलंय. मला बाबांशी शेवटचं बोलता आलं नव्हतं. मी ती पानं मोठ्याने वाचली. अनुवादकाचं नाव तेव्हा पाहिलं नाही, आणि पाहायला हवं होतं असं आजही वाटत नाही.

तळटीप:
ओलीवाट, तुमच्या त्या वाचनाला माझा नियम लागू नाही, हे मनापासून मान्य करतो. मी फक्त एवढंच म्हणेन, की ते शब्द ज्यांनी तुमच्यापर्यंत पोचवले त्या दावा सामदुप यांचं नाव आता माहीत असू द्या.

पाणकणीस:
मला तर जाडजूड 'रहस्यां'पेक्षा मूळ तुकडेच आवडतात. इंग्लंडमधल्या बाथच्या झऱ्यात रोमन काळातले सुमारे १३० शिशाचे पत्रे सापडले. बहुतेक चोरांना शाप देणारे. डोकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत असं त्याने देवीला मागितलंय! आणि आपल्या अथर्ववेदात तक्मन् नावाच्या तापाला विनवलंय की मूजवंतांकडे जा, बाल्हिकांकडे जा, म्हणजे आम्हाला सोडून दूरच्या लोकांकडे जा. प्राचीन जादू म्हणजे ही, घरातल्या गरजेची. अशा ओळीत माणूस समोर उभा राहतो.

अनघड:
आणि ज्यांच्याकडे तो ताप धाडला, ते बाल्हिक? त्यांच्या घरीही मुलं असतीलच ना. हातमोज्यांसाठी कुणाचे डोळे मागणारा माणूस समोर उभा राहतो हे खरं, पण त्याच्याकडे मला तुमच्याइतक्या मायेने पाहता येत नाही, पाणकणीस.