ताठरता, तरारणे आणि लवचिकता : पेशींच्या संदर्भात

प्रश्न : रत्नागिरीतील शाळकरी मुलांसाठी पेशींच्या यांत्रिक गुणधर्मांवर एक टिपण लिहीत आहे. वनस्पतिपेशीत पाणी भरल्याने निर्माण होणाऱ्या ‘टर्गर’ दाबाला ‘ताठरता’ म्हणावे का? तसेच तांबड्या रक्तपेशीला ‘लवचिक’ म्हटले तर पुरे होईल का?

उत्तर : ‘ताठरता’ येथे घेऊ नये, असे माझे मत आहे. ताठरता हा पदार्थाचा स्वतःचा गुण असतो. नारळाच्या करवंटीतील पेशी केव्हाच मेलेल्या असतात, त्यांच्यात पाण्याचा दाब मुळीच नसतो आणि तरीही करवंटी ताठर असते, कारण तिच्या पेशीभित्ती जाड व काष्ठमय झालेल्या असतात. उलट माठाच्या पानातील पेशीभित्ती पातळ असते. ते पान उभे राहते ते आतल्या पाण्याने भित्तीला बाहेर रेटल्यामुळे. हा दाब पुष्कळदा ०.५ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे दुप्पट असतो. बाजारात मलूल झालेल्या जुडीवर पाणी शिंपडल्यावर ती ‘तरारते’ असे आपण म्हणतोच, म्हणून ‘तरारी’ हा शब्द मला जवळचा वाटतो.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात ज्या कप्प्यांना पेशीचे नाव दिले, तेही रिकामे होते. भित्ती होत्या, तरारी नव्हती. (स्थितिस्थापकतेचा, म्हणजे ताण काढल्यावर मूळ आकारात परतण्याच्या गुणाचा, नियमही त्याच गृहस्थाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.)

दुसरे उत्तर : वरील भेद मान्य आहे, पण ‘तरारी’ ही दिसणारी अवस्था झाली आणि पास्कलमध्ये मोजायची राशी दाबच असली पाहिजे. म्हणून राशीला ‘स्फीतिदाब’ आणि परिणामाला ‘तरारणे’ म्हणावे. उदाहरण खारातल्या कैरीचे घ्यावे. मिठाने पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशीपटल, म्हणजे भित्तीच्या आतले पातळ आवरण, भित्तीपासून सुटते आणि करकरीत फोड लवू लागते. वर्षभर खारात राहिलेली कैरी गोड्या पाण्यात कितीही वेळ ठेवली तरी खारटपणा उतरतो, करकरीतपणा मात्र परतत नाही, कारण पेशी मेल्यावर पटलाची निवडक पारगम्यता, म्हणजे काही पदार्थ आरपार जाऊ देण्याचा व काही अडवण्याचा गुण, संपते आणि दाब साठवायला जागाच उरत नाही.

प्राणिपेशीला भित्ती नसते, त्यामुळे ‘स्फीतिदाब’ हा शब्द तिकडे नेऊ नये. रक्तपेशी शुद्ध पाण्यात तरारत नाही, फुटते.

‘लवचिक’बद्दल सांगायचे तर तो शब्द अर्धाच आहे. काथ्याचा सुंभ हवा तसा वाकतो, पण सोडल्यावर सरळ होत नाही, तर वेत वाकतो आणि परत येतो. दोन्ही लवचिक खरे, परंतु स्थितिस्थापक फक्त वेत. सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी रक्तपेशी स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून दुमडून जाते आणि पलीकडे पुन्हा पूर्ववत होते, म्हणून तिला दोन्ही विशेषणे लागतात. मात्र बऱ्याच पेशी वेतासारख्या चटकन परतत नाहीत. थोडा वेळ दाबल्या तर लगेच सावरतात, फार वेळ दाबून ठेवल्या तर मोदकाच्या उकडीसारखा आकार धरून बसतात. त्यांच्यासाठी ‘श्यान-स्थितिस्थापक’ (काही अंशी दाट द्रवासारखा वाहणारा, काही अंशी पूर्ववत होणारा) हा जोडशब्द जड वाटला तरी ठेवावा लागेल, फक्त त्याच्याआधी उकडीचा गोळा मुलांच्या हाती द्यावा.

प्रश्नकर्ता : ‘स्फीतिदाब’ आणि ‘तरारणे’ दोन्ही घेतो. करवंटी व माठाची जुडी वर्गात नेता येईल.