मदत हवी आहे: सर्जन कार्टरची डायरी (अर्जंट)

माणदेशी_पोर: लष्करातल्या सर्जन-मेजर एच. कार्टरचे खाजगी कागद हवेत, डायरी, पत्रं, जे असेल ते. सोमवारी गाईडना दाखवायचंय आणि नेटवर नुसते समुद्रातले स्पंज येतायत. कुणी पाहिलेत का??

खडूस_काका: कुठला कार्टर? मुंबईत दोन होते, दोघंही हेन्री, दोघंही सर्जन. स्पंजवाला, म्हणजे समुद्री स्पंजांवर अभ्यास करणारा, तो हेन्री जॉन, तो १८६२त रिटायर झाला.

माणदेशी_पोर: अहो ग्रेज अ‍ॅनाटॉमी या शरीररचनेच्या पुस्तकाची चित्रं काढणारा

खडूस_काका: मग हेन्री व्हॅन्डाइक. आधीच सांगायचं ना.

हाडवैद्य: बिचारा! १८५८ची पहिली आवृत्ती, ३६३ चित्रं, हातात एकरकमी १५० पौंड आणि रॉयल्टी लेखक ग्रेला. आमच्या कॉलेजात अजून ग्रेचंच नाव घेतात.

अजिंक्यतारा: लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये (वैद्यकीय इतिहासाचं ग्रंथालय) आहेत कागद. डायरी आहे, बहीण लिलीशी पत्रव्यवहारपण आहे. कॅटलॉग ऑनलाईन बघ.

निवृत्त_सुभेदार: पण हा लष्करी कुठला? ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचा ना.

खडूस_काका: शिकवत असला तरी नोकरी मेडिकल सर्व्हिसची, हुद्दा लष्करीच. सर्जन-मेजर म्हणजे काय मग?

मोडी_मित्र: मोडी शिकून घ्या, त्याशिवाय जुनी कागदपत्रं वाचता येत नाहीत. माझा क्लास रविवारी असतो.

हाडवैद्य: तो इंग्रज घरी इंग्रजीतच लिहिणार ना हो!

घाटावरची: मायसेटोमा या पायाच्या बुरशीरोगावर त्याचं १८७४चं पुस्तक आहे ना? आमच्या आजोबांच्या पायाला तेच झालेलं, शेतात अनवाणी फिरायचे, काटा मोडला की तिथून बुरशी आत शिरते, पाय सुजून भोकं पडतात आणि त्यातनं दाणे येतात. सगळे मुतखड्याचे उपाय सांगत होते, कशाला ते देवच जाणे.

माणदेशी_पोर: डायरी लंडनचं शिक्षण आणि मुंबईची सुरुवातीची वर्षं एवढीच दिसतेय. मला सातारा पाहिजे, १८६३ ते ७२, तो तिथे सिव्हिल सर्जन होता. एका कचेरीत दोनदा गेलो, दोन्हीदा 'उद्या या'.

अजिंक्यतारा: अरे मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिही की! त्याच्या घरच्या पत्रांपेक्षा सरकारी फायली बघ, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे सिव्हिल सर्जन सातारा असं माग. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या जुन्या अंकांतही त्याचे लेख आहेत.

माणदेशी_पोर: पण सोमवारपर्यंत कसं होणार?

खडूस_काका: सोमवार कुठला? हा की पुढचा?