दबावगटाचा जोर नेमका कुठे चालतो? (ऊसदराच्या निमित्ताने)

कुंपणावरचा: दबावगट निवडणूक न लढवता सरकारवर प्रभाव टाकतात, इथे पुस्तक संपतं. पण ऊसदराचं आंदोलन घ्या. सरकार आणि कारखाने हलतात ते कशानं? रस्ता अडवल्यानं, निवेदनानं की कोर्टानं? आणि संघटनेनं पक्ष काढला की पुढे काय?

पाचट: रस्ता दिसतो, पण खरा जोर वेळेचा. स्वाभिमानी शेतकरी संघटनेची जयसिंगपूरची ऊस परिषद हंगामाच्या तोंडावर होते ती उगीच नाही. तोडलेला ऊस दोन दिवस पडला तरी वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात, आणि गव्हाणीत (कारखान्यात ऊस टाकतात त्या जागी) ऊस नसेल तर बॉयलर थंड. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तोडी थांबल्या की कारखाना बोलणीला बसतो. पुढे जोर उलटतो. ऊस रानातच राहील, गव्हाला रान मोकळं होणार नाही, या धास्तीनं शेतकरीच गुपचूप ऊसतोडणीची टोळी आणतो. ट्रॅक्टरची हवा सोडणं तर सगळ्यात वाईट: कर्जाचे हप्ते भरणारा गाडीवाला गावातलाच पोरगा असतो, आणि कोर्टाच्या तारखा कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतात.

काटापावती: कागदाला कमी लेखू नका. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. २०२४-२५ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३.२० रुपये. उतारा ११.२५ धरला तर ३,७३२. तोडणी-वाहतूक ८०० धरा, हातात २,९३२. शंभर टनांचे २,९३,२०० रुपये मुदतीनंतर ६० दिवस थकले तर व्याजच साधारण ७,२३० होतं. आता सांगा, हे किती जण मागतात? मागायचं तर काटापावत्या जोडून साखर आयुक्तांकडे लेखी. आयुक्तांनी आरआरसी (थकबाकी वसुलीचा दाखला) काढली की जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखी वसुली करतात. घोडं अडतं ते इथे: जप्तीला जावं तर गोदामातली साखर आधीच बँकेकडे तारण.

पाचट: मान्य. पण चेअरमनच आमदार असला की आरआरसीची फाईल आपोआप पळत नाही. तिला मागून ढकलणारे लागतात.

तळटीप: कोर्टाचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यानं शासन निर्णय काढून एफआरपीचे दोन तुकडे केले: एक हप्ता आधी, उरलेला हंगामाचा उतारा ठरल्यावर. स्वाभिमानी संघटनेचे नेते राजू शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. तीन वर्षं लागली, पण हे रस्त्यावर मिळालं नसतं. आणि हो, साखर संघ, म्हणजे सहकारी कारखान्यांची संघटना, हाही दबावगटच! साखरेचा किमान विक्रीदर, इथेनॉलचे भाव यांसाठी तो दिल्लीत खेटे घालतो. त्याला चक्का जाम करावा लागत नाही, कारण दार आतूनच उघडतं.

कुंपणावरचा: आणि पक्षाचं?

तळटीप: शेट्टी हातकणंगल्यातून २००९ आणि २०१४ ला खासदार झाले, २०१९ ला पडले. मधल्या काळात, २०१६ ला, संघटनेचेच सदाभाऊ खोत राज्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांची हकालपट्टी झाली. युती केली की ज्याच्या दारात बसायचं तोच व्यासपीठावर शेजारी येतो. संसदेत आवाज मिळतो, हे खरं. पण ऊस परिषदेतला दुसऱ्या पक्षाचा शेतकरी तेव्हापासून मागच्या रांगेत बसतो.