बनाना ब्रेड वरून करपतो आणि तळाशी ओला लगदा राहतो, काय करू?

गौरी_कोथरूड
नमस्कार मंडळी, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आल्यापासून आमच्याकडे केळी उरली की बनाना ब्रेड असं समीकरण झालंय, पण दरवेळी तेच रडगाणं, वरून मस्त फुगतो, मधोमध भेगही पडते, रंग तर जरा जास्तच येतो, आणि कापायला घेतला की तळाला बोटभर जाडीचा गच्च चिकट थर. टूथपिक मात्र कोरडी निघते!! अंडं घालत नाही कारण सासूबाई खात नाहीत आणि चहाबरोबर सगळ्यात जास्त त्यांनाच लागतो. प्रमाण देते: दीड वाटी कणीक, चार केळी, पाऊण वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी तेल, पाव वाटी दही, एक चमचा खायचा सोडा. मूळ रेसिपीत दोन अंडी होती, त्यांच्याऐवजी दही आणि एक केळं जास्त. १८० डिग्रीला ४० मिनिटं, काचेचं लांबट खोल भांडं. मैदा शक्यतो नकोय. नवरा म्हणतो सरळ कॅम्पातून मावा केक आणत जाऊया, त्यामुळे आता प्रश्न इज्जतीचा आहे.

पेठेतली_बेकर
गौरी, चार केळी म्हणजे किती ग्रॅम? आपल्याकडे केळी डझनावर मिळतात त्यामुळे वजनाचा विचारच कोणी करत नाही, पण सगळी गोम तिथेच आहे. ती मोठी जळगावची जी-नाइन केळी असतील तर साल काढून एकेक शंभर-सव्वाशे ग्रॅम सहज भरतं, आणि वेलची केळं जेमतेम चाळीस-पन्नास. म्हणजे तुझी चार केळी दोनशे ग्रॅमपण असू शकतात आणि पाचशेपण! आणि अंडं काढून केळं वाढवलंस ते उलटं झालं बघ. अंडं भाजताना घट्ट होऊन ब्रेडला धरून ठेवतं, केळं नुसतं पाणी आणि साखर आणतं. अंडं नसेल तर केळं उलट हात राखून घालायचं.

माझं प्रमाण सांगते, २०० ग्रॅम पीठ (अर्धी कणीक अर्धा मैदा, मैदा नकोच असेल तर सगळी कणीक चालेल, फक्त दोन-तीन चमचे दूध जास्त घाल कारण कोंडा पाणी पितो), साल काढून ३०० ग्रॅम केळी, १०० ग्रॅम गूळ किंवा साखर, ८० मिली तेल, ६० ग्रॅम दही, पाऊण छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. मीठ विसरायचं नाही, त्याशिवाय फिकं लागतं. दालचिनी सगळे घालतात, मी जायफळ-वेलची घालते, आपल्या नाकाला तेच बरं वाटतं.

सोडा मात्र बेताने. त्याला फुगायला आंबट काहीतरी लागतं, ते दही, गूळ आणि केळं थोडंथोडं देतात, पण त्या मानाने सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा तोंडात साबणासारखा लागतो आणि वरचा रंगही लवकर गडद होतो. तुझं करपणं अर्धं त्यातलं असणार.

आणि पीठ घातल्यावर फेटत बसू नकोस प्लीज, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. जास्त ढवळलं की ग्लुटेन (गव्हाच्या पिठातला चिवट धागा) तयार होतं आणि चिवट होतो. मिश्रण झालं की लगेच ओव्हनमध्ये, सोडा ओला झाला की काम सुरू करतो, फोन आला म्हणून पंधरा मिनिटं ठेवलं तर फुगण्यातला जोर गेलाच.

धायरीवाला
वर सगळं बरोबर आहे पण भांड्याचं कोणी बोललं नाही. काच तापायला फार वेळ घेते, त्यात खोल भांडं, आणि छोट्या ओटीजीत वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो, मग वरचं भाजून मोकळं आणि खालचं अजून विचारच करतंय. पुण्यात बोहरी आळीत ॲल्युमिनियमचा लोफ टिन (ब्रेडचा लांबट साचा) मिळतो, फार महाग नाही, तो आणा. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत, दोन्ही रॉड चालू, १८० ऐवजी १६५-१७० आणि वेळ ५५ मिनिटं ते तास. अर्ध्या तासानंतर वर फॉइल सैल टाकायची. आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामा ओव्हन तापवायचा हे सांगायला नको. टूथपिक आखूड पडते, ती तळापर्यंत पोचतच नाही म्हणून कोरडी निघते! विणायची सुई किंवा बारीक सुरी मधोमध खालपर्यंत घालून बघा.

स्नेहल_सातारारोड
गूळ चिरून तसाच घालतेस का गं? खडे जड असतात, तळाला बसतात आणि तिथेच वितळतात, आमच्याकडे हेच व्हायचं. आता मी गूळ किसून दह्यात पूर्ण विरघळवते, मगच केळं कुस्करते त्यात.

अनुराधा_काकू
ओव्हन नसलेल्यांसाठी लिहिते. जाड कढईत मीठ पसरायचं, वर स्टँड, झाकण ठेवून मंद गॅसवर दहा मिनिटं तापवायची आणि मग भांडं ठेवून पाऊण तास ते तास. आमच्या पिढीचे सगळे केक असेच झाले, काही अडलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जो तो बनाना ब्रेड करत होता तेव्हा आमच्या सोसायटीत निम्म्या घरी कढईतलाच होता.

धायरीवाला
काकू, कढई ठीक आहे. पण काही लोक कुकरमध्ये करतात, त्यांना सांगा की शिट्टी आणि रिंग काढल्याशिवाय नाही, आणि रोजचा ॲल्युमिनियमचा कुकर कोरडा इतका वेळ तापवला तर खराब होऊ शकतो. जुनी कढईच बरी.

अनुराधा_काकू
कुकर मी म्हटलंच नाहीये :) पण बरोबर आहे तुमचं. कढईत वरून रंग येत नाही एवढंच, फिकट राहतो, चवीला काही फरक नाही.

गौरी_कोथरूड
बापरे, एवढं सगळं! वजन केलं आत्ता, चार केळी ४६० ग्रॅम, म्हणजे तिथेच उत्तर मिळालं. गूळपण खडेच घालत होते. अजून एक, केळी लवकर काळी व्हावीत म्हणून फ्रीजमध्ये ठेवते, ते चालतं ना?

पेठेतली_बेकर
अगं नाही! फ्रीजमध्ये फक्त साल काळी पडते, आत पिकणं थांबतं. केळ्यातल्या स्टार्चची साखर व्हायला ऊब लागते, साधारण १३ डिग्रीच्या खाली गेलं की केळं बिघडतं. म्हणून थंडीतही केळी पिकता पिकत नाहीत. बाहेरच ठेव, घाई असेल तर कागदी पिशवीत सफरचंदाबरोबर, पुरती डागाळली की घे. आणि आधी पिकवून मग फ्रीजरमध्ये टाकलीस तर चालेल, साल काढून टाक, वितळल्यावर जे पाणी सुटतं तेही वजनात धर. हातगाडीवाले रात्री अशी मऊ झालेली केळी स्वस्तात देतात, मी तीच घेते.

निनाद_बाणेर
मधेच घुसतो. ओव्हनमधून काढल्या काढल्या कापता का? आमच्याकडे मुलं थांबतच नाहीत आणि मग आतून चिकट लागतो, कच्चा नसला तरी. दहा मिनिटं टिनमध्ये, मग जाळीवर तासभर. गार होताना स्टार्च बसतो, तेव्हाच काप नीट पडतात. खरं तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

स्नेहल_सातारारोड
दुसरा दिवस कोणी पाहिलाय 😄 अक्रोडाऐवजी भाजलेले शेंगदाणे भरड करून घातले तर?

पेठेतली_बेकर
चालतात, पण खमंग भाज आणि सालं काढ. पावसाळ्यात मात्र उरलेला बाहेर ठेवू नका, ओलसर असतो त्यामुळे लगेच बुरशी धरतो. काप करून फ्रीजमध्ये, खाताना तव्यावर थोडं लोणी सोडून दोन्ही बाजूंनी परतायचे.