अनुभव धागा: व्यायाम, देवधर्म आणि तब्येत (बडोदेकरांनो, लिहा!)

आपल्याकडे सकाळी कमाटीबागेत चालणारे आणि नंतर देवळात दिसणारे बरेचदा तेच चेहरे असतात, म्हणून हा धागा काढतेय. श्रद्धेचा तब्येतीला खरंच कुठे उपयोग झाला, कुठे डॉक्टरकडे जावंच लागलं, घाम गाळल्यावर मन कसं झालं, सगळं लिहा. माझं मत आधीच सांगते, देवाचा नेम असला की सकाळी उठणं होतं, पण शुगर-बीपी आटोक्यात राहतं ते हातपाय हलवल्याने आणि वेळेवर गोळी घेतल्याने. उपदेश नको, स्वतःचं नाहीतर घरातलं सांगा.

दांडियाबाजारकर:
आमच्या घरात तीन पिढ्या आखाड्यातल्या. जुम्मादादा व्यायाम मंदिर इथल्या जुन्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. आधी मारुतीला नमस्कार, मग माती कपाळाला, मग जोर-बैठका आणि मल्लखांब, यात देव कुठे संपला आणि व्यायाम कुठे सुरू झाला हा प्रश्न लहानपणी पडलाच नाही. नवीन मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. याच आखाड्यात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली १९०७ ते १९१० च्या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण तयार झाला, जन्म १८८३ चा, आपल्या डभोईचा. पुढे ते नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. गुरूवर एवढी भक्ती, तरी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्याच सरकारी इस्पितळातल्या प्रयोगशाळेत त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रियांनी शरीरात नेमकं काय होतं ते तपासलं, आणि १९२४ ला लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. श्रद्धा आहे म्हणून तपासायचं नाही, असं त्यांना वाटलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. माझी आता सत्तरी उलटली, जोर निघत नाहीत, खुर्चीला धरून अर्ध्या बैठका काढतो. मारुतीला नमस्कार मात्र आधीच.

मांजलपूरची_सून:
सासूबाईंना डायबिटीस, आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास सोडायला त्या कदापि तयार नाहीत, वर रात्री शेरी (गल्लीतल्या) गरब्यात फेर धरायची हौस. घरात दरवर्षी यावरून वाद. मग मीच त्यांना नवरात्राच्या आधी डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी उपास मोडा असं म्हटलंच नाही. त्यांनी समजावलं की ग्लिमेपिराइडसारखी डायबिटीसची गोळी पोटात अन्न नसलं तरी शुगर खाली खेचत राहते, त्यात गरबा म्हणजे तासभर व्यायामच, त्यामुळे चक्कर, घाम, हात थरथरणं हे झालं तर लगेच साखर तोंडात टाकायची, देवी रागावणार नाही. गोळ्या त्यांनीच बदलून दिल्या (आपल्या मनाने कोणी बंद करू नका!!). साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, तो कमी केला, त्याजागी राजगिरा, दही, शेंगदाणे. आणि अनवाणी नाचायचं नाही, कारण तळव्यांना बधिरपणा असला की काच रुतलेलीही कळत नाही. आता त्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवतात आणि मैत्रिणींना स्वतःच लेक्चर देतात.

रावपुरा_रहिवासी:
माझा देवावर विश्वास नाही, पण लिहितो. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं मी पाळतो. भजनी मंडळाच्या लोकांचा मात्र मला खरंच हेवा वाटतो, कारण त्यांच्यातला एक जण दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात जाऊन उभं राहतं. माझ्या जिममध्ये हे होत नाही.

नर्मदे_हर:
मिस्टर गेले त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. झोप नाही, जेवण नाही, मुलीने मानसोपचार तज्ज्ञांना दाखवलं, औषध सुरू झालं आणि त्याने थोडी झोप यायला लागली. चैत्रात बहीण म्हणाली चल उत्तरवाहिनी परिक्रमेला, म्हणजे नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्या टप्प्याची प्रदक्षिणा, तिलकवाडा ते रामपुरा, दोन्ही काठ मिळून साधारण २१ किलोमीटर. मला वाटलं अर्ध्यातच बसेन. पहाटे अंधारात निघालो, पुढून मागून "नर्मदे हर" चालूच, अनोळखी बायका हाताला धरून नेत होत्या, वाटेत कोणी ताक देतंय कोणी चहा, कोणालाच माझी कहाणी माहीत नव्हती आणि कोणी विचारलीही नाही, आणि कितीतरी महिन्यांनी मला कडकडून भूक लागली. त्या रात्री मेल्यासारखी झोपले. मैयाने केलं असं मी मनापासून म्हणते. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले चालणं सोडू नका आणि गोळ्याही सोडू नका. तेव्हापासून दोन्ही चालू ठेवलं, पुढे गोळ्या कमी केल्या त्या त्यांनीच, हळूहळू.

कारेलीबाग_सिस्टर:
मी हृदयरोग विभागात नर्स आहे. बाबांची बायपास झाली तेव्हा किती वेगाने चालायचं हा त्यांचा रोजचा प्रश्न. मी सांगितलं, रामरक्षा बोलता आली पाहिजे पण भजन गाता येऊ नये, तो मध्यम वेग. शब्द तुटायला लागले तर हळू व्हा, छातीत दुखलं तर थांबा आणि लगेच फोन करा. त्यांना घड्याळापेक्षा हे पटलं. जपाबद्दलही एक सांगते, २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता, त्यात ख्रिस्ती जपमाळ आणि योगातला मंत्र म्हणताना लोकांचा श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ झाला होता आणि त्याचा हृदयाच्या तालावर चांगला परिणाम दिसला होता. यावरून बीपीची गोळी बंद करायची असा अर्थ कोणी काढू नका. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या पेशंटला मी स्वतः विचारते, तुम्ही काय म्हणता घरी? कोणी हनुमान चालीसा म्हणतं, कोणी कलमा. म्हणा म्हणते, सावकाश.

मांजलपूरची_सून:
सिस्टर, आईंना (सासूबाईंना) पावागडचा डोंगर चढून देवीला जायचंय. गुडघे दुखतात. जाऊ द्यावं का?

कारेलीबाग_सिस्टर:
ताई, रोपवेने जा, पण त्याच्या पुढेही पायऱ्या आहेत हे धरून चला. उतरताना गुडघ्यावर जास्त ताण येतो, म्हणून काठी, कठडा, आणि थांबत थांबत. आधी महिनाभर खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायला लावा, मांड्या मजबूत होतील. गुडघ्याला सूज असेल तर आधी दाखवून घ्या. आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळून निघा.