एकाच पानाला कुणी ३ देतं कुणी ८ देतं, मग आम्हाला वही तपासायला शिकवणार कोण?

खानापूरची बाई (धागा काढणारी):
नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते, १४ वर्षं झाली. मागच्या महिन्यात क्लस्टरच्या समालोचना सभेला (आसपासच्या शाळांच्या मास्तरांची महिन्याची बैठक) जाताना माझ्या पाचवीतल्या एका मुलीनं लिहिलेल्या पानाच्या ११ झेरॉक्स घेऊन गेले आणि चहा यायच्या आधी सगळ्यांना म्हटलं, एकमेकांशी न बोलता १० पैकी मार्क द्या. सगळ्यात कमी ३ आले आणि सगळ्यात जास्त ८. पान तेच, मुलगी तीच. सगळे जरा वेळ गप्पच झाले, कारण आपल्यातला प्रत्येक जण मनापासून तपासतो हे आम्हाला एकमेकांबद्दल माहीत आहे.

डी.एड.ला पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकवलं, फळ्यावर अक्षर कसं काढायचं ते शिकवलं. खरं पोरानं लिहिलेलं पान हातात घेऊन त्यात काय बघायचं हे मला कुणी कधीच दाखवलं नाही. म्हणून आपण "छान", "अक्षर सुधारा", "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या" यातलं एक लिहितो आणि पान उलटतो. प्रशिक्षणं होतात, तीन तीन दिवस होतात, पण त्या हॉलमध्ये एका तरी पोराची वही असते का? मी तरी बघितली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्यातून एकदा, एक तास, सगळ्यांनी एकच पान तपासायचं, मार्क का दिले त्यावर भांडायचं आणि उठायच्या आधी उद्या वर्गात काय शिकवायचं ती एक गोष्ट ठरवायची. ट्रेनिंग हेच, वेगळं नको.

पान खाली देते, मुलीनं लिहिलं तसंच. आधी मार्क लिहा, मग मत.

"मी आणि आज्जी शेताला गेलो आणि पाऊस आला आणि आज्जी म्हणाली पोरी इरलं घे आणि मी घेतलो आणि नाल्याला पाणी आलतं आणि आमची म्हस पलीकडं होती आणि ती वरडूलाली होती आणि तिचं रेडकू अलीकडं होतं आणि ते पण वरडूलालं होतं आणि कोण पण कोणाकडं जाऊना आणि आज्जी गप बसली मग संध्याकाळि पाणी उतरलं आणि म्हस आली आणि रेडकू दूद पिलं आणि मी पण चा पिलो"

निवृत्त हेडमास्तर:
३. आणि ते तीनही पोरगी पाचवीची आहे म्हणून. बाई, राग मानू नका, मी ३४ वर्षं नोकरी केली. एक पूर्णविराम नाही, "आणि" १४ वेळा, "म्हस", "दूद", "संध्याकाळि", आणि मुलगी असून "मी घेतलो", "मी पिलो". हे बोलणं झालं, लिखाण नव्हे. बोलायला तिला घरी आज्जी शिकवते, लिहायला शिकवायला आपल्याला पगार आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १४ आणि नंतर वाढवलेले ४, एकूण १८ आहेत. ते आधी मास्तरांना पाठ येतात का बघा, तेच ट्रेनिंग.

आणि एक सांगतो, आपल्या सीमाभागातल्या पोरांवर एक ओझं जास्त आहे. पलीकडं कोल्हापूर-पुण्याला गेलं की "तुमची मराठी तसली" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. मी स्वतः ऐकून घेतलंय. त्या पोरीनं ते ऐकू नये म्हणून मी लाल पेन चालवतो, तिच्यावर राग आहे म्हणून नाही.

हंगामी मास्तर:
७ देतो मी. म्हस पलीकडं, रेडकू अलीकडं, एवढं नीट डोळ्यापुढं उभं करायला आमच्या सातवीच्या पोरांना पण जमत नाही.

खरं बाई, तुमच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. मी अतिथी शिक्षक आहे, आमच्या शाळेत पाच वर्ग आणि आम्ही दोघं. नलीकलीची (खेळत शिकायची सरकारी पद्धत) पहिली ते तिसरी एका खोलीत, ती दुसऱ्या बाई बघतात, बाकीचं माझ्याकडं. सकाळी दूध, दुपारी जेवण, मग सॅट्सवर (पोरांच्या नोंदींची सरकारी वेबसाइट) माहिती भरायची आणि रेंज नसली तर त्यासाठी गावाबाहेर टेकडावर जायचं. यात ४१ वह्या मी कधी वाचू? तुम्ही तपासायला शिकवाल, शिकीन की मी, तपासायला वेळ कुठनं आणायचा? ट्रेनिंगच्या आधी माणूस द्या. आणि दरवेळी काही चांगलं सुरू झालं की त्याचा एक फॉरमॅट येतो, फोटो टाका म्हणतात, आणि चांगलं होतं ते फोटोपुरतं राहतं. त्याची मला भीती वाटते.

चिकोडीकडचा (हायस्कूल):
५. बाईंच्या बाजूनं आहे, पण वेगळ्या कारणासाठी. ११ जणांत ३ ते ८ आले याचं मला नवल वाटलं नाही. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी एका पोराचा इंग्रजीचा पेपर जसाच्या तसा छापून १४२ मास्तरांकडून तपासून घेतला होता, १०० पैकी कुणी ६४ दिले तर कुणी ९८. म्हणजे शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण अजून "माझा अनुभव आहे, मला कळतं" यावरच चाललोय. आपल्याकडं दहावीला पहिल्या भाषेचे बहुतेक मार्क लेखी पेपरला. व्याकरणाच्या प्रश्नाला उत्तरसूची चालते, निबंधाला काय करणार? तिथं तपासणाऱ्याची नजरच उत्तरसूची असते, आणि ती कधी कुणी जुळवून घेतलेली नसते.

दुसरं म्हणजे लिखाण कुणी मोजतच नाही. असरवाले (खेड्यातल्या पोरांना काय येतं त्याचा 'प्रथम' संस्थेचा सर्व्हे) गावात येतात ते वाचन बघतात, अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, आणि गणित. लिहितं पोर किती, हे कुणालाच माहीत नाही, म्हणून आठवीत माझ्याकडं येणारी पोरं खडखडीत वाचतात आणि चार ओळी स्वतःच्या लिही म्हटलं की फळ्याकडं बघत बसतात, उतरवून घ्यायला काहीतरी मिळेल म्हणून.

दोन पोरांची आई, टिळकवाडी:
मी मास्तर नाही, ४ देते. मला एवढं कळतं की माझ्या मुलाच्या वहीत वर्षभर "छान" होतं आणि वार्षिकला मार्क घसरले. मग ते छान काय होतं? मी कुठं लक्ष द्यायचं होतं? दोन्हीकडून नुकसान आमचंच. एकीकडं पट कमी झाला म्हणून मराठी शाळा अडचणीत, सगळे इंग्लिश मिडीयमला पळूलालेत, आणि तुम्ही इथं एका पानावर चर्चा करताय. पालक म्हणून मला माझं पोर कुठं उभं आहे ते स्पष्ट सांगा, मार्कात सांगा.

खानापूरची बाई:
ताई, तुमचा राग बरोबर आहे आणि तो "छान"वरचाच आहे, माझा पण तोच आहे. पण मार्कानं ते कळत नाही हो. ४ म्हणजे काय कमी? १९८८ साली रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर हे करून बघितलं होतं. काहींना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं, दोन्ही मिळालेल्यांचं नाही, कारण पोरं मार्क बघतात आणि शेरा सोडून देतात. मी वर्गात हेच रोज बघते, वही हातात पडली की पहिल्यांदा शेजारच्याचा आकडा बघतात. परीक्षेला मार्क द्यायचेच आहेत, एफए एसए (आकारिक-संकलित चाचण्या) चुकत नाही कुणाला. रोजच्या वहीत मात्र एक ओळ, नेमकी, त्या पोराला उद्या करता येईल अशी, एवढं जरी आपण शिकलो तरी पुष्कळ.

कन्नड शिकवणारा:
मराठी शाळेत कन्नड शिकवतो, माझी मातृभाषा कन्नड, मराठी इथंच वाढल्यामुळं. ६ मार्क. गुरुजी, "मी घेतलो"ला तुम्ही लाल गोल कराल, मी पण माझ्या विषयात तसंच करत होतो. खरं जरा बघा. कन्नडमध्ये "नानु तगोंडे" (मी घेतलं) म्हणताना क्रियापद करणाऱ्याच्या मागं जातं, घेतलेल्या वस्तूच्या मागं जात नाही. आणि "नानु होदे" (मी गेलो, मी गेले) बाई पण म्हणते, बुवा पण म्हणतो. या भागातल्या मराठीत बायका "मी गेलो" म्हणतात त्याला हा वारा लागलेला असावा असं मला वाटतं. म्हणजे पोरगी चुकत नाहीय, ती एक नियम पाळतीय, फक्त तो पुस्तकातल्या मराठीचा नियम नाही. हे मास्तरला कळलं तर तो "चूक" म्हणायच्या ऐवजी दोन रकाने करून दाखवेल, घरी काय म्हणतो आणि पुस्तकात काय लिहितो. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानं शाळेत कन्नड पहिली नाहीतर दुसरी भाषा म्हणून सगळ्यांना आहेच, पोरं दोन्ही भाषा एकाच डोक्यात घेऊन बसलेली असतात. पण आमचं ट्रेनिंग कन्नडवाल्यांचं वेगळं, मराठीवाल्यांचं वेगळं, एकाच पोराच्या दोन वह्या शेजारी ठेवून कधी कुणी बघितलेल्या नाहीत.

खानापूरची बाई:
सर, हे मला आज कळलं. मी स्वतः घरी "मी आलो"च म्हणतो, माझी आई पण, आणि शाळेच्या फाटकात आलं की "आले" होतं. इतकी वर्षं मी हे पोरींना नुसतं "चूक" म्हणून सांगत होते.

निवृत्त हेडमास्तर:
कारण कळलं म्हणून चूक बरोबर होत नाही. ताप कशानं आला ते कळलं तरी औषध द्यावंच लागतं. आणि दहावीचा पेपर तपासणारा "बेळगावकडची पोरगी आहे, नियम पाळतीय" म्हणून सोडून देणार आहे का? तो तिला ओळखत नाही, तिच्या आज्जीला ओळखत नाही. त्याच्यापुढं फक्त कागद असतो. तुम्ही कौतुक करून वर्ग चालवाल आणि मार पोरगी दहावीत खाईल.

खानापूरची बाई:
गुरुजी, ही तुमची गोष्ट मी खोडत नाही. माझं भांडण फक्त आधी काय आणि नंतर काय यावर आहे. १० चुकांना १० गोल केले तर त्या पोरीला एकच गोष्ट कळते, की आपल्याला लिहायला येत नाही. पुढच्या वेळी ती तीन ओळी लिहील, येतात तेवढेच शब्द वापरील, चूक एक पण नसेल आणि म्हस पण नसेल.

सभेत शेवटी आम्ही काय ठरवलं ते सांगते. बराच वाद झाला, मग सगळ्यांचं एकावर आलं की पहिल्यांदा पूर्णविराम. का, तर तिला सांगायला भरपूर आहे, थांबायचं कुठं ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिला तिचंच पान मोठ्यानं वाचायला लावलं. जिथं दम लागेल तिथं पेन्सिलनं उभी रेघ मार म्हटलं. तिनं ७ रेघा मारल्या, सगळ्या वर्गानं ऐकून एक हलवली. १४ "आणि"चे ५ राहिले, मी एक पण खोडला नाही. "कोण पण कोणाकडं जाऊना" हे तिनं एकटंच एका ओळीवर ठेवलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिथं सगळे गप होते बाई." म्हस-म्हैस, दूद-दूध हे पुढच्या आठवड्यात. घेतलो-घेतलं त्याच्या पुढच्या. सगळं येणार आहे, एकदम येणार नाही.

चिकोडीकडचा (हायस्कूल):
एक भर घालतो, मास्तर स्वतः लिहीत नाही तोवर हे नुसतं तंत्र होईल. १९७४ साली बर्कलीला जेम्स ग्रे यांनी बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट सुरू केला त्याचं मूळ हेच होतं, की मास्तरांना मास्तरांनीच शिकवायचं आणि लिखाण शिकवणाऱ्यानं आधी स्वतः लिहून दाखवायचं. लांब कशाला, आपल्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात इंदिरा संत शिकवायला होत्या, पुढं प्राचार्या झाल्या. लिहिणारं माणूस मास्तर घडवत होतं, आपल्याच गावात.

खानापूरची बाई:
हे पण करून बघितलंय सर. त्याच सभेत पावसावर १० ओळी लिहा म्हटलं, ११ पैकी ४ जणांनी कागद परत दिलाच नाही. दोघांनी सांगितलं, शाळा सोडल्यापासून स्वतःचं असं काही लिहिलंच नाही. मला वाईट वाटलं, पण आता पोराला "लिही" म्हणताना त्याच्या पोटात काय होतं ते तरी त्यांना कळलं असेल.

हंगामी मास्तर:
वाचतोय सगळं. माझा विरोध अर्धा मागं घेतो, अर्धा ठेवतो. सभा तशीही महिन्याला होतेच, तिथं परिपत्रकं वाचून दाखवतात, ती घरी पण वाचता येतात. तो तास यासाठी दिला तर मी येतो. पण रिपोर्ट नको, फोटो नको, आणि ४१ वह्यांचं म्हणाल तर दिवसाला ५ च बघीन, बाकीच्या पोरांनी एकमेकांना वाचून दाखवायच्या. हे चालत असेल तर बोला.

खानापूरची बाई:
चालतंय. ५ खूप झाल्या, ४ बघा. रिपोर्ट मागितला तर मी पण नाही करणार.

दोन पोरांची आई, टिळकवाडी:
त्या सभेला पालकांना बसू देता का? मला बघायचंय तुम्ही कसं बघता ते. मग घरी मी वही धरून बसीन.

निवृत्त हेडमास्तर:
पूर्णविराम घातलेलं पान मी मनात परत वाचून बघितलं. ४ देतो. "दूद"चं "दूध" झालं की ५, त्याच्यावर नाही. शुद्धलेखनाबद्दलचं माझं मत आहे तिथंच आहे.

आणि बाई, त्या पोरीला एक विचारा. नाल्याला पाणी असताना आज्जी गप का बसली, ते तिनं लिहिलेलं नाही. ते लिहून आण म्हणावं. मला वाचायचंय.